वळचणीचं पाणी

८ सप्टेंबर १५९८, सकाळ

थोरले सरकार वारले. घोडेस्वार सांगून गेला. फार वाईट वाटलं. तरी न्याहारीला बिअरचं सूप छान जमलं होतं, दोन वाडगे घेतले. दुःखात अंगात ताकद लागते.

आता गादीवर धाकटे सरकार. ते म्हणे नव्या मताचे. असोत बापडे. मी मेल्खिओर रुबझाम, डोर्नहाइन गावचा पाद्री, तत्त्वाचा पक्का माणूस. डोंगर हलेल, मी हलणार नाही. इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

१५ सप्टेंबर

हुकूम आला. चर्चमधली चित्रं, पुतळे, मेणबत्त्या बाहेर. दगडी वेदी फोडून तिथे साधं टेबल. प्रभुभोजनाला पातळ पापडी द्यायची नाही, खरी भाकर हाताने मोडायची. ज्या पाद्र्याला हे पटत नसेल त्याने मार्टिनच्या सणापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, घर खाली करावं.

घर खाली करावं! छप्पर मी भांडून नवं घालून घेतलंय. परसात सफरचंदं लागलीत. डुक्कर आत्ता कुठे अंग धरतंय.

१६ सप्टेंबर

काल खूप विचार केला. खोलात शिरल्यावर कळलं की मनातून मी पहिल्यापासून नव्या मताचाच होतो. कोणी विचारलं नव्हतं, एवढंच.

सही करून पाठवली. हलकं वाटलं.

शेजारच्या गावचा पाद्री योस्ट सही करत नाही म्हणे. पाच पोरं पदरात, आणि ताठा केवढा! बायकोला, ओटिलियाला, हे सांगितलं. तिने विचारलं, मग सिबिला काय म्हणते? सिबिला म्हणजे योस्टची बायको. मी म्हटलं, बायकोने काय म्हणायचंय त्यात? ओटिलिया म्हणाली, खरंच, काय म्हणायचंय, आणि भांडी घासायला गेली. समजूतदार आहे.

२१ सप्टेंबर

आणखी एक हुकूम. पाद्र्याचं घर हा गावाचा आरसा, सबब पाद्रिणींचीही परीक्षा. नवी प्रश्नोत्तरी तोंडपाठ हवी. आमच्यावरचे मोठे साहेब, सुपरिंटेंडेंट डॉक्टर झखारियास एबलिंग, डिसेंबरात जातीने घरोघर येणार. बायको नापास तर पाद्रीही नापास.

मी अजिबात घाबरलो नाही. ओटिलिया दोर वळणाऱ्याची मुलगी, अक्षरशत्रू. पण शिकवणारा कोण आहे? लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात जुनी प्रश्नोत्तरी मीच तिच्याकडून घोटून घेतली होती. ती चरख्यावर बसायची, मी प्रश्न टाकायचो, चाकाच्या लयीत ती उत्तर म्हणायची. आजही झोपेतून उठवली तरी घडाघडा म्हणेल. हीच अडचण आहे म्हणा, कारण त्यातलं बरंचसं आता चूक ठरलंय.

प्लॅन पक्का: पहाटे उठणे. प्रार्थना. मग तासभर ओटिलियाचा अभ्यास. रविवारी उजळणी. उद्यापासून.

२२ सप्टेंबर

थंडी होती. उद्यापासून.

२३ सप्टेंबर

आज पाहुणे येतील असं वाटत होतं. आले नाहीत. पण वाट बघण्यात सकाळ गेली.

२६ सप्टेंबर

पहिला धडा झाला! ओटिलिया चरख्यावर, मी शेगडीपाशी. सात-आठ उत्तरं तिने उचलली. मध्ये दोनदा गाईसाठी उठली, एकदा पाठीत कळ आली म्हणून. सहावा महिना लागलाय तिला. शिक्षणात असे व्यत्यय चालायचे नाहीत, असं मी स्पष्ट बजावलं. तिने मान डोलावली आणि गाईकडे गेली.

यंदा मुलगाच होणार. नाव ठरवून टाकलं: झखारियास. सुपरिंटेंडेंटसाहेबांचं नाव, शिवाय नव्या मताला जुन्या करारातली नावं आवडतात. एका दगडात दोन पक्षी. ओटिलियाने विचारलं, आणि मुलगी झाली तर? मी म्हटलं, वेळ आली की बघू. वेळ येणार नाही.

१ ऑक्टोबर, रविवार

नव्या पद्धतीचं पहिलं प्रभुभोजन. भाकर ओटिलियाने भाजलेली, राईची. मी दोन्ही हातांत धरून वर उचलली, गंभीर चेहरा केला, आणि मोडली. म्हणजे मोडायला गेलो. मोडेना. टेबलाच्या कडेवर आपटली. शेवटी गुडघ्यावर घेतली. मागून कोणीतरी म्हणालं, पाद्रीबाबा, घण आणू का?

गाव हसलं. चर्चमध्ये!

घरी येऊन ओटिलियाला झापलं. ती म्हणाली, अहो, भाकर मोडायची आहे हे तुम्ही काल सांगितलंत, मी परवा भाजली होती. कारणं सांगायची सवय वाईट.

६ ऑक्टोबर

आज पाण्याचा प्रश्न आला. तो असा:

बाळ मरायला टेकलं असता आईने अथवा सुईणीने त्याला पाणी घालून बाप्तिस्मा द्यावा काय? उत्तर: देऊ नये. तो अधिकार स्त्रियांना नाही. बाप्तिस्मा पाद्र्याने, चर्चमध्ये, मंडळीसमोर द्यावा. बाळ तसंच गेलं तरी ते देवाच्या करारात जन्मलेलं आहे. पाण्यावाचून त्याचं काही अडत नाही.

जुन्या प्रश्नोत्तरीत बरोब्बर उलट होतं. आईने द्यावा, सुईणीने द्यावा, घरात जो असेल त्याने द्यावा, पण बाळ तसं जाऊ देऊ नये.

चरखा थांबला. धागा तुटला. ओटिलिया म्हणाली, मग आपला लेन्हार्ट?

लेन्हार्ट आमचा पहिला मुलगा. जन्मला आणि घटकाभरात गेला. मी त्या दिवशी चर्चच्या वाट्याची मेंढरं आणायला दुसऱ्या गावी गेलो होतो. घरी ओटिलिया आणि सुईण वाल्बुर्ग. ओटिलियाने बाळंतपणाच्या अंथरुणातच ओंजळीतून पाणी घातलं, नाव घेतलं, सगळे शब्द बिनचूक. मीच शिकवले होते. तेव्हा मी तिला शाबासकी दिली होती, आठ दिवस ज्याला त्याला सांगत होतो. त्यानंतर दोन गेले, ते पोटातच. लेन्हार्टला मात्र नाव आहे, चर्चच्या आवारात जागा आहे. ती दर रविवारी तिथे जाते. मी काही बोलत नाही.

आज मी तिला फार विद्वत्तापूर्ण उत्तर दिलं. मध्ये लॅटिनही आलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, म्हणजे मी घातलेलं पाणी वाया? मी म्हटलं, वाया नव्हे, अनावश्यक. ती म्हणाली, तुम्हीच शिकवलं होतंत. मी म्हटलं, तेव्हा ते बरोबर होतं. ती म्हणाली, मग आता लेन्हार्टला कोण सांगणार?

प्रश्न विचारायला लागली. अभ्यासाचा परिणाम दिसतोय.

१५ ऑक्टोबर, रविवार

पाण्याच्या प्रश्नावर प्रवचन केलं. बायकांच्या बाजूला इतकी शांतता मी आजवर पाहिली नव्हती. ठसा उमटला.

प्रवचनानंतर सुईण वाल्बुर्गला बोलावून तिचं काम काढून घेतलं. तिने जुन्या सरकारांच्या वेळी शपथ घेतलेली, मरतं बाळ पाण्याशिवाय जाऊ देणार नाही अशी. डॉक्टरसाहेबांना हे कळलं तर? नव्या मताची सुईण शहरातून येणार आहे, तोवर देव बघेल.

वाल्बुर्ग म्हणाली, पाद्रीबाबा, गादी बदलली की तुमचा देव बदलतो, पण आमच्याकडे बाळं पूर्वीसारखीच येतात हो. उद्धट बाई. वय बघून सोडून दिलं.

१९ ऑक्टोबर

ओटिलियाची प्रगती उत्तम. सगळी उत्तरं पाठ. फक्त पाण्याच्या प्रश्नाला अडते. तोंड उघडते आणि धागा तुटतो. लोकर वाईट असणार.

२४ ऑक्टोबर, संध्याकाळ

गिरणीवाल्याची सून क्रिस्टिना अडली होती. गिरणीवाल्याने काढून टाकलेल्या वाल्बुर्गलाच नेलं, वर ओटिलियालाही बोलावणं. बाळंतपणाला पाद्रीणबाई लागतातच इथे. मी दारातच तिला बजावलं: पाण्याचा एक थेंब जरी पडला तरी डॉक्टरसाहेबांच्या कानावर जाणार, मग मार्टिनच्या सणाला योस्टच्या गाडीमागे आपली गाडी. पोटात मूल घेऊन कुठल्या खळ्यात झोपणार आहेस? असं स्पष्टच विचारलं. शिक्षकाने प्रसंगी कठोर व्हावं लागतं.

परत आली तेव्हा अंधार पडत होता. तिने सांगितलं, बाळ निळं जन्मलं. वाल्बुर्गने पाण्याचा वाडगा उचलला. ओटिलियाने तिचा हात धरला. क्रिस्टिना अंथरुणातून ओरडत होती, घाला ग, घाला! ओटिलियाने हात सोडला नाही. बाळ गेलं.

मी म्हटलं, शाब्बास! तोंडाने येत नाही पण हातात उतरलंय. हेच खरं शिक्षण.  परसात जाऊन हात धूत बसली. फार वेळ. मला जेवण स्वतः वाढून घ्यावं लागलं.

२७ ऑक्टोबर

गावात एक जुनं खूळ आहे. बाप्तिस्म्यावाचून गेलेलं बाळ चर्चच्या वळचणीखाली, अगदी भिंतीला लागून पुरतात. पाऊस आला की चर्चच्या छपराचं पाणी वळचणीवरून खाली त्याच्यावर पडतं. पाद्र्याने नाही तर नाही, देव आपल्या हाताने बाप्तिस्मा देतो, असं म्हणतात. जुन्या मतालाही हे मान्य नव्हतं, नव्याला तर मुळीच नाही.

आज सकाळी खिडकीतून पाहतो तर गिरणीवाला तिथे खणतोय. मी ओरडलो, कोणाच्या परवानगीने? त्याने वरही पाहिलं नाही. बाळ ठेवलं, माती लोटली, मग म्हणाला, पाद्रीबाबा, तुमच्या बायकोने अडवलं. आता ढगाला अडवा बघू.

खरं तर उत्तर लगेच सुचलं होतं. पण खिडकी लावून घेतली, गार वारा येत होता.

३ नोव्हेंबर

कोणी बाई घरी येत नाही. पूर्वी सकाळपासून रीघ असायची. हिला खोकल्याचं औषध, तिला नवऱ्याची तक्रार. आता रस्त्याच्या पलीकडून जातात. ओटिलिया विहिरीवर गेली की बाकीच्या घागरी उचलून घरी. वाईट वाटून घेऊ नकोस असं सांगितलं. एकांत अभ्यासाला पोषक असतो.

११ नोव्हेंबर, मार्टिनचा सण

गावाकडून पाद्र्याला हंस यायचा असतो. आला नाही. एकसुद्धा. कोबी खाल्ला.

दुपारी योस्टची गाडी गावातून गेली. वर पेट्या, पेट्यांवर पोरं, सिबिला मागून चालत होती. ओटिलिया रस्त्यावर गेली, आमच्यातलं अर्धं चीज तिच्या हातात दिलं. अर्धं! सिबिलाने चीज घेतलं, तिच्याकडे बघितलं, आणि एवढंच म्हणाली, तुझ्याबद्दल ऐकलं मी. काय ऐकलं ते म्हणाली नाही.

ओटिलिया घरात येऊन म्हणाली, तिला झोपायला जागा नाही, पण झोप लागेल. कोड्यात बोलते अलीकडे. पोटात मूल असलं की बायका असं करतात.

१६ नोव्हेंबर

फार मोठी कल्पना सुचली. वळचणीला पन्हळ!

लाकडी पन्हळ, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. छपराचं सगळं पाणी पन्हळीत, पन्हळीतून रस्त्याच्या गटारात. भिंतीलगत एक थेंब पडणार नाही. खूळ मुळासकट खलास. शिवाय भिंत ओली होणार नाही, हा वेगळा फायदा. डॉक्टरसाहेब बघतच राहतील. गिरणीवाल्या, अडवतो तुझ्या ढगाला!

२२ नोव्हेंबर

गावातला सुतार पाठीचं कारण सांगून आला नाही. बाहेरून आणला. खिळे मात्र मी स्वतः ठोकले, शिडीवर चढून. लांब, जाड खिळे, एकेका जागी दोन-दोन. आता भूकंप आला तरी हलणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम ठरवल्याप्रमाणे पार पडलं. खाली बायका उभ्या राहून बघत होत्या. क्रिस्टिनाही होती. मी वरून मान लववली. एकेक करून निघून गेल्या.

ओटिलिया पोटावर हात ठेवून बराच वेळ पन्हळीकडे बघत होती. म्हणाली, सगळं पाणी कुठे जाणार? मी अभिमानाने सांगितलं, गटारात. ती म्हणाली, छान झालं.

५ डिसेंबर

परीक्षा जवळ आली. पाण्याचा प्रश्न अजून अडतोय. उपाय करून पाहिले ते असे: चरखा काढून घेतला. परत दिला. मधाची वडी देतो म्हटलं. मग वडी मीच खाल्ली, कारण उत्तर आलं नाही आणि वडी वाळत होती. रागावून पाहिलं. हात जोडून पाहिले. ती म्हणते, अहो, सगळं म्हणते ना, एवढं एक सोडा. मी म्हटलं, साहेब नेमकं तेच विचारतील.

शेवटी तोड काढली. तो प्रश्न आला की तिने जोरात खोकायचं. मी लगेच पन्हळीचा विषय काढीन.

१० डिसेंबर

खोकल्याचा सराव केला. खोकलाही बरा जमत नाही तिला.

१४ डिसेंबर, सकाळ

आज साहेब येणार! घर झाडून घेतलं. डुक्कर परवाच कापलंय, जेवण जंगी. ओटिलियाला पहाटेपासून कळा येताहेत म्हणते. म्हटलं, अजून दिवस भरले नाहीत, भीतीच्या कळा असणार. दुपारपर्यंत कळ काढ.

१४ डिसेंबर, संध्याकाळ

नीट, जसं झालं तसं लिहितो. पुढे गैरसमज नकोत.

साहेब आले. दोन कारकून बरोबर. चर्च पाहिलं, टेबल पाहिलं, पन्हळ पाहून थांबले आणि विचारलं, ही कोणाची कल्पना? मी खाली मान घालून सांगितलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी आलो तर ओटिलिया आतल्या खोलीत अंथरुणावर, आणि तिच्याजवळ वाल्बुर्ग. कोणी बोलावली? म्हणाली, कोणी नाही, विहिरीवर कळलं. माझं काम तुम्ही काढून घेतलंत, पण बाळंतीण ती बाळंतीण. मी साहेबांना पुढच्या खोलीत बसवलं, मांस वाढलं, बायकोची तब्येत जरा नरम आहे म्हटलं. साहेब म्हणाले, असू दे, आम्ही थांबू. मधलं दार लाकडी, पातळ. आतला आवाज बाहेर येतो, बाहेरचा आत जातो.

साहेब दुसऱ्यांदा कोबी घेत असताना बाळाचा आवाज आला. एकदाच, बारीकसा. मी आत गेलो.

मुलगी होती. मुठीएवढी. श्वास घ्यायची, थांबायची, परत घ्यायची.

मी स्वतः पाणी का घातलं नाही, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर: नव्या नियमाप्रमाणे पाद्र्यालाही घरात, दाराआड बाप्तिस्मा देता येत नाही. भिंतीपलीकडे साहेब बसलेले. माझ्या तोंडून ते शब्द बाहेर पडले असते तर घर गेलं असतं, काम गेलं असतं, ओटिलियाही रस्त्यावर आली असती. मी तिचाच विचार केला.

म्हणून वाल्बुर्गच्या कानाशी लागलो. म्हटलं, तू घाल पटकन. मी पाहिलं नाही असं समज. वाल्बुर्गने दोन्ही हात पाठीमागे बांधले. म्हणाली, माझा हात पाद्रीणबाईंनी धरला होता, त्यांना विचारा.

मग ओटिलियाच्या उशाशी बसलो. पाण्याचा वाडगा मीच तिच्याजवळ सरकवला. म्हटलं, ओटिलिया, लेन्हार्टला घातलंस तसं घाल ग. हळू आवाजात. बाहेर कळणार नाही. मी पाया पडतो.

 मग हळूच, मला एकट्यालाच ऐकू येईल असं म्हणाली, क्रिस्टिनाच्या बाळाला नाही, आणि माझ्या बाळाला कशी घालू? कुठल्या तोंडाने?

आणि मग ती मोठ्याने म्हणाली. चरखा नव्हता, धागा नव्हता, एकाही शब्दाला अडली नाही. देऊ नये. तो अधिकार स्त्रियांना नाही. बाप्तिस्मा पाद्र्याने, चर्चमध्ये, मंडळीसमोर द्यावा. बाळ तसंच गेलं तरी ते देवाच्या करारात जन्मलेलं आहे. पाण्यावाचून त्याचं काही अडत नाही.

मुलगी तिच्या छातीवर होती. शेवटच्या वाक्यापर्यंत श्वास होता. मग नव्हता.

दारापलीकडे साहेबांनी सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. ते कारकुनाला म्हणाले, लिहा, उत्कृष्ट.

१५ डिसेंबर

साहेब गेले. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, रुबझाम, अशी पाद्रीण मी संस्थानात दुसरी पाहिली नाही. अशा प्रसंगी, इतकी स्थिर बुद्धी! सगळ्या तरुण पाद्रिणींना फेब्रुवारीत तुमच्याकडे पाठवतो, ओटिलियाबाईंच्या हाताखाली शिकू देत. तुम्ही शिकवलंत ना? मी म्हटलं, हो, मीच.

घर राहिलं. काम राहिलं. दोर वळणाऱ्याची मुलगी पाद्रिणींची गुरू होणार. वळचणीचं पाणी आढ्याला गेलं म्हणायचं. यात समाधान मानलं पाहिजे. मानतोय.

१६ डिसेंबर

ओटिलिया बोलत नाही. आज एकदाच बोलली. म्हणाली, तिला वळचणीखाली ठेवा, क्रिस्टिनाच्या बाळाशेजारी. बाकी काही मागत नाही.

मी विचार केला. पन्हळ आहे, तेव्हा पाणी पडायचा प्रश्न नाही, तेव्हा खुळाचाही प्रश्न नाही. परवानगी दिली. जमीन गोठलेली होती. गिरणीवाला पहार घेऊन आला, न बोलता खणून दिलं. पहार उचलताना एकदा पन्हळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. काही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं.

क्रिस्टिना सूप घेऊन आली. माझ्या हातात दिलं नाही, सरळ आत गेली, ओटिलियाजवळ बसली.  अंधार पडेपर्यंत तिथेच होती.

१८ डिसेंबर

क्रिस्टिना रोज येते. नवे संकल्प करायला हवेत. फेब्रुवारीत पाद्रिणी येणार, त्यांच्या अभ्यासाचा प्लॅन हवा. सुचत नाही. शेगडी नीट पेटत नाही त्यामुळे असेल.

२० डिसेंबर, सकाळ

थंडी अचानक सैल झाली. पहाटेपासून पाऊस. बर्फ वितळून छपरावरून धो धो पाणी.

ओटिलियाने अंथरुणातून विचारलं, पाऊस ना? मी म्हटलं, हो. तिने डोळे मिटून घेतले, ऐकत राहिली. चेहरा जरा निवळल्यासारखा वाटला. मग तिला कळलं, मलाही कळलं. आवाज भिंतीलगतचा नव्हता. सगळं पाणी पन्हळीतून सरसर जात होतं आणि पार तिकडे, रस्त्याच्या गटारात पडत होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. क्रिस्टिनाने तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी पन्हळीत पानं अडकलीत का बघायला बाहेर गेलो. शिडी लावली. पानं नव्हती. तरी आता आलोच आहे तर जरा ढिली करून बघू, म्हणून पहार घातली. हलेना. एकेका जागी दोन-दोन खिळे. लोंबकळलो. बोटं सोलली. मी फार चांगलं काम केलं होतं.

खाली उतरलो. पन्हळीच्या टोकाशी टोपी धरली. टोपी भरली. भरलेली टोपी घेऊन कुठेतरी जाणं भाग होतं, म्हणून भिंतीपाशी गेलो आणि ओतली. थोडं आमच्या मुलीवर, थोडं शेजारी. परत गेलो, परत भरली. ते शब्दही म्हटले, सवयीने. याला जुन्या मताप्रमाणे अर्थ नाही, नव्या मताप्रमाणेही नाही. मेलेल्याला बाप्तिस्मा कोणतंच मत देत नाही. मला हे माहीत आहे, मी पाद्री आहे. तरी पुन्हा भरून आणली.

वर पाहिलं तर खिडकीत ओटिलिया. उठून आली होती, क्रिस्टिनाच्या खांद्याला धरून.

घरात गेलो. म्हटलं, पन्हळ तुंबली होती. ओटिलिया म्हणाली, नाव काय घेतलंत?

 टोपीतून पाणी गळत होतं. नाव घेतलंच नव्हतं. मुलीचं नाव आम्ही ठरवलं नव्हतं.